‘अतिदक्षता’ : एका संज्ञेचे वचन आणि तिचे व्याकरण

१

पारिभाषिक संज्ञांची चर्चा मराठीत बहुधा दोन प्रश्नांपाशी येऊन थांबते. संज्ञा सुबोध आहे की दुर्बोध, हा पहिला प्रश्न. ती संस्कृतातून घडवावी की बोलीतून उचलावी, हा दुसरा. १९६० मध्ये भाषा संचालनालयाची स्थापना झाली आणि पुढे पदनाम कोश प्रसिद्ध झाला, तेव्हा त्याला ‘बदनाम कोश’ म्हणून हिणविणाऱ्यांचा रोख मुख्यतः याच दोन प्रश्नांवर होता. संज्ञा एकदा रूढ झाली म्हणजे तिच्याविषयीचे कुतूहल मावळते व ती कोशकाराच्या हातून सुटून लेखनिकाच्या हाती जाते. परंतु तिसराही एक प्रश्न आहे आणि तो संज्ञा रूढ झाल्यानंतरच उद्भवतो. ती वाक्यात कशी वावरते, कोणते क्रियापद आपल्याबरोबर आणते, आणि त्या क्रियापदाचा कर्ता कोण, हा तो प्रश्न होय. रुग्णालयातील ‘अतिदक्षता विभाग’ या संज्ञेच्या बाबतीत तो केवळ व्याकरणाच्या वर्गातला प्रश्न राहत नाही. रुग्णाच्या नाडीवर, श्वासावर आणि त्याच्या शरीरात घातलेल्या नळ्यांवर कोणी लक्ष ठेवावयाचे, याचे उत्तर त्यात दडलेले असते.

हा प्रश्न किती दूरवर जातो, हे भंडारा जिल्हा सामान्य रुग्णालयातील दुर्घटनेच्या संदर्भात पाहता येते. ९ जानेवारी २०२१ रोजी मध्यरात्रीनंतर, दीड-दोनच्या सुमारास, त्या रुग्णालयाच्या नवजात शिशु कक्षास आग लागली. कक्षात त्या वेळी १७ शिशू होती. त्यांपैकी ७ वाचविता आली. १० शिशू भाजून अथवा धुराने गुदमरून मृत्यू पावली. मृत शिशू कक्षाच्या ‘आउटबॉर्न’ भागातील, म्हणजे अन्यत्र जन्मून तेथे आणलेली होती. शासनाने चौकशी समिती नेमली. शिशूंना ऊब देणाऱ्या एका वॉर्मरच्या नियंत्रण-फलकात आगीचा उगम झाला, असा निष्कर्ष जाहीर करण्यात आला. वृत्तपत्रांनी या कक्षाचा उल्लेख बहुधा ‘नवजात शिशु अतिदक्षता कक्ष’ असा केला. काटेकोरपणे पाहता तो आजारी नवजातांसाठी जिल्हा पातळीवर असणारा विशेष काळजी कक्ष होता. परंतु लोकांनी आणि पत्रांनी त्यास ‘अतिदक्षता’ हेच नाव दिले. त्या नावात जे वचन आहे, तेच लोकांना त्या खोलीकडून अपेक्षित होते, एवढे यावरून निश्चित दिसते.

२

ते वचन कोणते, हे शेजारच्या भाषांशी तुलना केली म्हणजे स्पष्ट होते. इंग्रजी संज्ञेत तीव्र आहे ती ‘केअर’. फ्रेंचमध्ये अशा विभागास जे नाव आहे त्याचा अर्थ ‘पुन्हा प्राण आणणे’ असा होतो. हिंदीत ‘गहन चिकित्सा कक्ष’ म्हणतात, म्हणजे तेथे गहन आहे ती चिकित्सा. मराठीने मात्र चिकित्सा, काळजी, उपचार हे सर्व शब्द बाजूस ठेवून ‘दक्षता’ हा शब्द पुढे केला. ‘दक्ष’ या शब्दाचा संस्कृतातील प्रमुख अर्थ समर्थ, कुशल, कार्यक्षम असा आहे. मराठीत तो सावध, जागरूक या अर्थाकडे वळला. शाळेच्या मैदानावर कवायतीत ‘दक्ष’ ही आज्ञा मिळताच मूल ताठ उभे राहते. ते कुशल होत नाही, सावध होते. ‘दक्षता पथक’, ‘दक्षता समिती’ या शब्दयोगांतही हाच अर्थ आहे.

म्हणजे मराठी संज्ञेने रुग्णाच्या बाजूचे वर्णन केले नाही, उपचाराचेही केले नाही. तिने तेथे उभ्या असलेल्या माणसाचे वर्णन केले. या खोलीत कोणीतरी अत्यंत जागरूक आहे, असे ही संज्ञा सांगते. कोणी ही संज्ञा घडविताना एवढा विचार केला असेल वा नसेल. परंतु तिचा परिणाम असा आहे की, मराठी संज्ञा वैद्यकशास्त्राच्या इतिहासाशी इतर संज्ञांहून अधिक प्रामाणिक ठरते. १९५२ मध्ये कोपनहेगन येथे पोलिओची साथ आली तेव्हा श्वसनाचे स्नायू लुळे पडलेल्या रुग्णांच्या श्वासनलिकेत नळी बसवून हाताने रबरी पिशवी दाबून श्वास देण्याची युक्ती ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने अवलंबिली. पुरेशी यंत्रे नव्हती. सुमारे १५०० वैद्यकीय विद्यार्थी पाळीपाळीने रुग्णांच्या उशाशी बसून पिशव्या दाबीत राहिले. या अनुभवातून १९५३ च्या अखेरीस तेथे जो विभाग उभा राहिला, तो आजच्या अतिदक्षता विभागांचा पूर्वज मानला जातो. यंत्रे मागाहून आली. आरंभी होता तो उशाशी बसलेला आणि पाळी संपेपर्यंत न उठणारा माणूस.

मराठी संज्ञेचा दोष तिच्या अर्थात नाही. तो तिच्या रूपात आहे. ‘दक्ष’ हे विशेषण होते, तोवर त्यास विशेष्य लागत असे : कोणीतरी दक्ष असावे लागे. ‘-ता’ हा प्रत्यय लागून भाववाचक नाम झाले, त्यामागे ‘अति’ जोडले गेले, पुढे ‘विभाग’ आला, आणि जो गुण माणसाचा होता तो खोलीचा झाला. खोलीलाच दक्षता चिकटली म्हणजे तीत कोण जागे आहे हे विचारण्याचे कारण उरत नाही. रुग्णाच्या नातेवाइकांच्या तोंडी ‘आयसीयूत ठेवलंय’ हे वाक्य येते, तेव्हा त्यात जो दिलासा असतो तो खोलीविषयीचा असतो. नवजात शिशूंबाबत तर मराठी बोलण्यात ‘बाळाला पेटीत ठेवलंय’, ‘काचेत ठेवलंय’ असे म्हणण्याचा प्रघात आहे. वॉर्मर वरून उघडा असला तरी तीही ‘पेटी’च होते. पेटीत माणूस मौल्यवान वस्तू ठेवतो आणि निश्चिंत होतो. पेटीवर सतत नजर ठेवावी लागत नाही, म्हणूनच ती पेटी. वॉर्मरची गोष्ट नेमकी उलट आहे : तो विजेवर तापणारा असून शिशूच्या अंगास लावलेल्या तापमापकाच्या आधारे उष्णता कमीअधिक करतो. तो तापमापक निसटला, तर यंत्र शिशूला थंड समजून अधिक तापू शकते. म्हणजे पेटी म्हणून जिच्यावर विसंबावयाचे, तीच अधिकात अधिक लक्ष मागणारी वस्तू असते.

३

रुग्णाच्या शरीरावर लक्ष ठेवण्याच्या कल्पनेला भारतीय भाषांत जुना शब्द आहे, तो ‘नाडी’. या शब्दाचे अर्थ पाहण्याजोगे आहेत. नाडी म्हणजे पोकळ देठ, नळी. नाडी म्हणजे मनगटाशी लागणारा रक्ताचा ठोका. आणि नाडी म्हणजे कालाचे एक परिमाण, दिवसाचा साठावा भाग, अर्थात २४ मिनिटे. मराठीतील ‘नळी’, ‘नाळ’ आणि ‘नाडी’ हे शब्द याच कुळातील होत. सुश्रुतसंहितेत १०१ यंत्रे सहा वर्गांत सांगितली आहेत. त्यांपैकी एक वर्ग नाडीयंत्रांचा असून त्यात २० यंत्रे गणलेली आहेत. ही पोकळ यंत्रे शरीराच्या मार्गांत घालून आतील दोष पाहण्यास, बाहेर काढण्यास अथवा औषध पोहोचविण्यास वापरीत. आज ज्यास कॅथेटर म्हणतात त्याचे हे जुने नातेवाईक होत. ‘कॅथेटर’ हा शब्दही ग्रीक भाषेतील ‘खाली सोडणे’ या अर्थाच्या क्रियापदापासून आलेला आहे.

म्हणजे आज अतिदक्षता विभागात ज्या तीन गोष्टी वेगवेगळ्या नोंदवह्यांत जातात, त्या या एका शब्दात एकत्र होत्या : शरीरात घातलेली नळी, तिच्या शेजारी मोजला जाणारा ठोका, आणि तो किती वेळाने मोजावयाचा ती वेळ. यावरून प्राचीनांना आधुनिक शुश्रूषेचे ज्ञान होते असा निष्कर्ष काढणे हास्यास्पद ठरेल. शब्दाचे अनेकार्थत्व हे ज्ञानाचे प्रमाण नव्हे. परंतु एवढे म्हणण्यास हरकत नाही की, या तिन्ही अर्थांचा परस्परसंबंध व्यवहारात तुटला, तर काय होते हे पाहण्यास हा शब्द एक चांगली खूण आहे.

नळी आणि वेळ यांचा संबंध तुटण्याचे उदाहरण मूत्रमार्गातील कॅथेटरचे आहे. हा कॅथेटर राहू दिला, तर दर दिवसागणिक जंतुसंसर्गाचा धोका सुमारे ३ ते ७ टक्क्यांनी वाढतो, असे वैद्यकीय ग्रंथ सांगतात. म्हणजे येथे धोका नळी घालण्याच्या क्षणात जेवढा असतो, त्याहून अधिक ती न काढण्याच्या दिवसांत असतो. इ. स. २००० मध्ये अमेरिकेतील चार रुग्णालयांत डॉक्टरांना विचारण्यात आले की, त्यांच्या कोणत्या रुग्णास असा कॅथेटर आहे. एकूण २८ टक्के प्रसंगी डॉक्टरांना त्याची जाणीवच नव्हती. आणि वरिष्ठ डॉक्टरांत हे प्रमाण कनिष्ठांहून अधिक, ३८ टक्के, आढळले.

या विस्मरणाचे मराठी व्याकरण लक्षणीय आहे. ‘नळी टाकली’ या वाक्यात क्रियापद सकर्मक आहे. कोणी टाकली, हे विचारता येते आणि बहुधा उत्तरही मिळते. दुसऱ्या दिवशी वाक्य होते ‘नळी आहे’. कर्ता गेला, नळीच उद्देश्य झाली. आठव्या दिवशी संसर्ग उद्भवल्यावर वाक्य होते ‘नळी काढायची राहून गेली’. ‘राहून जाणे’ हे संयुक्त क्रियापद मराठीचे एक विलक्षण साधन आहे. चूक घडली हे ते कबूल करते. परंतु ती कोणी केली हे सांगण्याची सोयच ते ठेवीत नाही. काम स्वतःच राहते आणि स्वतःच जाते. निरोप सांगायचा राहून गेला, पत्र टाकायचे राहून गेले, या घरगुती वाक्यांत त्या क्रियापदाचा सौजन्यशील उपयोग आहे. रुग्णाच्या खाटेशी तेच क्रियापद आले म्हणजे मात्र सौजन्याची जागा निराळीच वस्तू घेते.

नवजात शिशूच्या बाबतीत हीच गोष्ट अधिक नाजूक होते. जन्मानंतरच्या पहिल्या दिवसांत नाळेतील शीर उघडी असल्यामुळे अत्यवस्थ शिशूस तेथून बारीक कॅथेटर घालून द्रव व औषधे देता येतात. ‘नाळ तुटणे’ हा मराठीत ताटातुटीचा वाक्प्रचार आहे. येथे आईपासून तोडलेली नाळच रुग्णालयाशी जोडली जाते. ती जोडणी कोणत्या दिवशी केली आणि कोणत्या दिवशी सोडावयाची, हे शिशू सांगू शकत नाही. आई बहुधा कक्षाबाहेर असते. तेव्हा या नळीची आठवण ठेवणारा तिसरा कोणीतरी माणूस असावाच लागतो, आणि त्याचे नाव व वेळ कागदावर असावी लागते.

४

नळीप्रमाणेच ठोक्याचे. पूर्वी नाडी पाहण्यास बोट लागे. आता मॉनिटर पाहतो. ‘मॉनिटर’ हा शब्द लॅटिनमधील ‘इशारा देणे’ या अर्थाच्या धातूपासून आलेला आहे, आणि मराठी माणसास तो शाळेतील वर्गाचा मॉनिटर म्हणून अधिक परिचित आहे : गुरुजी वर्गाबाहेर गेले म्हणजे जो दंगा करणाऱ्यांची नावे फळ्यावर लिहितो तो. नावे लिहिणे हे मॉनिटरचे काम. ती वाचणे हे गुरुजींचे. गुरुजी परतलेच नाहीत, तर फळा भरून जातो आणि दंगा चालूच राहतो.

रुग्णालयातील मॉनिटरचे यापेक्षा निराळे नाही. तो हृदयाचे ठोके, रक्तातील प्राणवायूचे प्रमाण, रक्तदाब मोजतो व मर्यादा ओलांडली की गजर करतो. परंतु रुग्णाने हात हलविला, बोटावरील चिमटा सैल झाला, तरीही तो गजर करतो. निरनिराळ्या पाहण्यांत असे निरर्थक गजर एकूण गजरांच्या ७२ ते ९९ टक्के आढळले आहेत. परिणामी सतत गजर ऐकणारे कान त्यांना सरावतात, आवाज कमी केला जातो, कधी मर्यादाच बदलली जाते. ‘लांडगा आला रे आला’ या गोष्टीत ओरडणारा मुलगा खोटे बोलत होता. येथे यंत्र खोटे बोलत नाही, ते केवळ भेद करू शकत नाही. भेद करणे हे ऐकणाऱ्याचे काम आहे. अमेरिकेतील रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या संस्थेने २०१३ मध्ये या गजर-थकव्याविषयी खास इशारा प्रसिद्ध केला होता.

या संदर्भात मराठीतील ‘शुश्रूषा’ या शब्दाची व्युत्पत्ती ध्यानात घेतली पाहिजे. रुग्णसेवा या अर्थाने रूढ झालेला हा शब्द ‘श्रु’ म्हणजे ऐकणे या धातूच्या इच्छार्थक रूपापासून झाला आहे. शुश्रूषा म्हणजे मुळात ऐकण्याची इच्छा. शिष्याने गुरूचे ऐकण्यासाठी तत्पर असावे, त्यावरून सेवा, आणि सेवेवरून रुग्णसेवा असा अर्थाचा प्रवास झाला. ‘परिचारिका’ या शब्दात भोवती फिरणे आहे. ‘पहारा’ या शब्दात प्रहर आहे, म्हणजे वेळेची मोजणी आहे. ‘निगा’ हा शब्द नजर या अर्थाच्या फारसी शब्दापासून आला. ऐकणे, फिरणे, पाहणे आणि वेळ मोजणे, हे दक्षतेचे घटक मराठीच्या जुन्या शब्दांत असे विखुरलेले आहेत. हे सर्व शब्द क्रियेतून आलेले आहेत आणि त्या क्रिया शरीर असलेल्या, थकणाऱ्या, पाळी संपताच घरी जाणाऱ्या माणसाच्या आहेत. ‘अतिदक्षता’ या शब्दाला शरीर नाही. म्हणून त्याला थकवाही नाही.

या दृष्टीने ‘काळजी’ हा शब्दही तपासण्यासारखा आहे. ज्या कक्षास आग लागली त्याच्या औपचारिक नावात तोच आहे. मराठीत काळजी ‘घेतात’ आणि काळजी ‘करतात’. आत काळजी घेतली जाते, दाराबाहेर काळजी केली जाते. भंडारा हा झाडीपट्टीचा जिल्हा आहे. हरिश्चंद्र बोरकर यांनी जिचा विस्तृत अभ्यास केला ती झाडीबोली, तिच्या शेजारी पोवारी, गोंडी आणि हिंदीच्या छटा येथे नांदतात. या बोलीत ‘ण’चा ‘न’ होतो, ‘श’चा ‘स’ होतो. परंतु दाराबाहेर बसलेल्या बाईच्या बोलीत आणि दारावरील फलकाच्या मराठीत जे अंतर असते ते केवळ उच्चारांचे नसते. ती विचारते ते ‘कोण’ या प्रश्नार्थक शब्दाने : लेकराजवळ कोण आहे? फलक उत्तर देतो ते भाववाचक नामाने.

५

आता मुख्य मुद्दा. शासकीय आणि रुग्णालयीन मराठीत दक्षतेबरोबर जे क्रियापद ठरून येते ते ‘घेणे’, आणि ते येते ‘घेण्यात यावी’ या रूपात. ‘योग्य ती दक्षता घेण्यात यावी’ हे वाक्य महाराष्ट्रातील कोणत्याही कचेरीत अनोळखी वाटणार नाही. दामल्यांच्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’पासून (१९११) मराठीत प्रयोगांचा विचार कर्ता, कर्म आणि क्रियापद यांच्या अन्वयावरून होत आला आहे. ‘-ण्यात येणे’ या रचनेचे वैशिष्ट्य असे की, तीत कर्ता सांगितला नाही तरी वाक्य अपुरे वाटत नाही. ‘रामाने आंबा खाल्ला’ यातून ‘रामाने’ काढला, तर ऐकणारा थबकतो. ‘आंबा खाण्यात आला’ यात तो थबकत नाही. कर्त्याची रिकामी जागा ही रचना बुजवून टाकते. ‘योग्य ती’ या शब्दांनी कर्माचा आशयही मोकळा राहतो. आणि ‘यावी’ या विध्यर्थामुळे काळही अनिश्चित होतो. कोणी, काय, केव्हा, या तिन्ही प्रश्नांना उत्तर न देता सूचना पूर्ण झाल्याचे समाधान मात्र मिळते.

दुर्घटनेनंतरचे वाक्य याच्या अगदी उलट असते. भंडाऱ्याच्या चौकशीनंतर, २१ जानेवारी २०२१ रोजी, शासनाने जिल्हा शल्यचिकित्सकांसह काही अधिकारी व कर्मचाऱ्यांचे निलंबन आणि कंत्राटी कर्मचाऱ्यांची सेवासमाप्ती जाहीर केली. पुढील महिन्यात दोन परिचारिकांवर गुन्हा नोंदविण्यात आला. त्या कारवाईच्या योग्यायोग्यतेचा निर्णय करणे हे भाषाभ्यासाचे काम नव्हे. तो न्यायासनाचा अधिकार आहे. भाषाभ्यासास दिसते ती एवढीच गोष्ट : दुर्घटनेपूर्वीच्या वाक्यांत जो कर्ता कोठेच नव्हता, तो दुर्घटनेनंतर एकाएकी नावागावासह प्रकट होतो. आधी ‘दक्षता घेण्यात यावी’. मागाहून ‘अमुक व्यक्तीने दक्षता घेतली नाही’. आज्ञेच्या वेळी कर्ता लुप्त आणि दोषारोपाच्या वेळी कर्ता प्रथमेत वा तृतीयेत ठळक, असे हे व्याकरण आहे. आणि जो कर्ता शेवटी सापडतो तो बहुधा खाटेच्या सर्वांत जवळचा, म्हणजे अधिकाराने सर्वांत लहान असतो. यंत्राची तपासणी कोणी, कोणत्या तारखेस करावयाची होती. एका पाळीत किती माणसे असावयाची होती. धूर कळविणारे साधन बसविणे कोणाचे काम होते, या क्रियांचे कर्ते खाटेपासून दूर असतात, आणि ‘-ण्यात यावे’ या रचनेचा आडोसा त्यांनाच अधिक मिळतो. नवजात शिशु कक्षांविषयीच्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत एका पाळीत ३ ते ४ शिशूंमागे एक परिचारिका हे प्रमाण सांगितले आहे. १७ शिशूंना हे प्रमाण लावले, तर कोणत्याही रात्री किमान ५ परिचारिका हव्यात. ही साधी भागाकाराची गोष्ट आहे. परंतु ती नेमणार कोण, हा कर्ता त्या भागाकारात नसतो.

यावर एक आक्षेप संभवतो. आग विजेच्या बिघाडाने लागते, व्याकरणाने नव्हे. तेव्हा प्रयोग बदलल्याने शिशू वाचली असती, असे म्हणणे म्हणजे भाषेला नको तेवढे सामर्थ्य देणे होय. हा आक्षेप मान्य केला पाहिजे. भंडाऱ्याच्या त्या रात्री एखादे वाक्य निराळे लिहिलेले असते, तर आग लागली नसती, असा दावा कोणी करू नये. त्याच वर्षी ६ नोव्हेंबर रोजी अहमदनगर, म्हणजे आताचे अहिल्यानगर, येथील जिल्हा रुग्णालयाच्या अतिदक्षता कक्षास आग लागून त्याच दिवशी ११ रुग्ण दगावले. भंडाऱ्यानंतर राज्यभर रुग्णालयांच्या अग्निसुरक्षेच्या तपासणीचे आदेश निघाले होते. आदेश निघणे आणि काम होणे यांतील अंतर विजेच्या तारांनीच नव्हे, पैशाने, माणसांच्या तुटवड्याने आणि अंगवळणी पडलेल्या दिरंगाईने भरलेले असते.

तरीही वाक्याचा आणि जीविताचा संबंध अगदीच नाही, असेही म्हणता येत नाही, कारण त्याचे मोजलेले उदाहरण उपलब्ध आहे. अमेरिकेतील मिशिगन राज्यात पीटर प्रोनोवोस्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी राबविलेला एक उपक्रम २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. मोठ्या शिरेत घालावयाच्या कॅथेटरसाठी त्यांनी पाच गोष्टींची यादी केली : हात धुणे, पूर्ण निर्जंतुक आवरण वापरणे, क्लोरहेक्सिडीनने त्वचा स्वच्छ करणे, शक्य तेथे मांडीतील शीर टाळणे, आणि गरज संपलेला कॅथेटर काढणे. यांपैकी एकही गोष्ट नवी नव्हती. नवे होते ते तिचे व्याकरण. पायऱ्या पाळल्या जात नसतील, तर तातडीचा प्रसंग नसताना, तेथल्या तेथे डॉक्टरास थांबविण्यात येई. आणि कॅथेटर काढावयाचा की ठेवावयाचा याची चर्चा रोजच्या फेरीत होई. म्हणजे प्रत्येक क्रियेस कर्ता आणि वेळ मिळाली. १०३ विभागांच्या माहितीनुसार दर १००० कॅथेटर-दिवसांमागे रक्तसंसर्गाचे मध्यक प्रमाण २.७ होते, ते तीन महिन्यांत शून्यावर आले. ‘नळी काढायची राहून गेली’ या वाक्याला तेथे जागाच उरली नाही, कारण ‘आज नळी कोण काढणार’ हा प्रश्न रोज ठरल्या वेळी विचारला जात होता.

६

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. प्रत्येक सूचनेत कर्ता लिहावयाचा म्हटले, तर बळीचा बकरा आधीच ठरवून ठेवल्यासारखे होणार नाही काय? ‘परिचारिकेने दर तासाला पाहावे’ असे लिहिले की, न पाहिल्याचा दोष तिच्यावर आणखी सहज टाकता येईल. या भीतीत तथ्य आहे. परंतु तिचा उपाय कर्ता लपविणे हा नसून सर्व कर्ते लिहिणे हा आहे. ‘रात्रपाळीच्या परिचारिकेने दर तासाला शिशूचे तापमान पाहून वेळ लिहावी’ या वाक्याशेजारी ‘वॉर्मरची तपासणी अमुक अभियंत्याने या तारखेस केली’ आणि ‘या पाळीत इतक्या परिचारिका अमुक अधिकाऱ्याने नेमल्या’ ही वाक्येही तितक्याच ठळकपणे त्याच भिंतीवर असली पाहिजेत. मग दोषाचा हिशेब खाटेपाशीच सुरू होऊन खाटेपाशीच संपणार नाही. एकट्या कनिष्ठाचे नाव लिहिणे हा अन्याय आहे. कोणाचेच नाव न लिहिणे ही त्या अन्यायाची पूर्वतयारी आहे.

पारिभाषिक मराठीच्या अभ्यासकांना यातून काही काम सुचते. संज्ञा घडविण्याचे काम कोशमंडळांनी बऱ्याच अंशी केले. पण संज्ञांभोवतीची वाक्ये घडविण्याचे काम कोणी आपले मानले नाही. रुग्णालयांतील सूचनाफलक, संमतिपत्रे, पाळीच्या नोंदवह्या आणि चौकशी अहवाल यांची मराठी हा भाषाविज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी पद्धतशीरपणे गोळा करून तपासण्याजोगा विषय आहे. अशा संग्रहात कर्तृरहित वाक्यांचे प्रमाण किती, घटनेपूर्वीच्या व घटनेनंतरच्या लेखनात ते कसे बदलते, आणि ज्या सूचनेत कर्ता व वेळ दोन्ही आहेत ती प्रत्यक्षात अधिक पाळली जाते काय, हे प्रश्न मोजून पाहता येण्याजोगे आहेत. त्यासाठी भाषाविभाग आणि परिचर्या महाविद्यालये यांनी एकत्र बसावे लागेल, ही गोष्ट अद्याप मराठीत दुर्मीळ आहे.

‘अतिदक्षता’ ही संज्ञा बदलावी, असे यातून निष्पन्न होत नाही. ती चांगली संज्ञा आहे. खोलीत जागा असलेला माणूस तिने मध्यभागी ठेवला, ही तिची योग्यता आहे. तिचे भाववाचक रूप मात्र वाक्यात पुन्हा विशेषणाकडे, आणि विशेषणातून माणसाकडे, वळवावयास हवे. भंडाऱ्याच्या त्या कक्षाबाहेर बसलेल्या आयांनी खोलीचे नाव ऐकून जो विश्वास ठेवला, तो नामावर ठेवलेला नव्हता. आत कोणीतरी दक्ष आहे, यावर ठेवलेला होता. ते ‘कोणीतरी’ कोण, हे प्रत्येक पाळीच्या आरंभी लिहिले जाणे, एवढाच त्या विश्वासाचा व्याकरणातील अर्थ आहे.